एका डोशाचे दोन दर

आमच्या स्टेशनसमोरच्या उडुपी हॉटेलात मेनूकार्डावर दरांचे दोन रकाने होते. डावीकडे साधा, उजवीकडे एसी. साधा डोसा पंख्याखाली ७० रुपये, काचेपलीकडे ८५. डोसा एकाच तव्यावरचा, सांबार एकाच पातेल्यातलं, आणून देणारा वेटरही बऱ्याचदा तोच. आमचे एक शेजारी या पंधरा रुपयांवर वर्षानुवर्षं चिडून होते. ‘थंड हवेत डोसा फुगतो का?’ हा त्यांचा ठरलेला सवाल. मेनूकार्ड हातात आलं की ते दोन्ही रकाने मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग पंख्याखाली बसायचे.

मला मात्र ते दोन रकाने आपल्याकडच्या हॉटेलधंद्यातली सर्वांत सरळ गोष्ट वाटत आली आहे. डोशाचे किती आणि बसण्याचे किती, हे ते हॉटेल फोड करून, छापून, ऑर्डर देण्याआधी सांगत होतं. बसण्याचे पैसे आज सगळेच घेतात. सांगत कुणी नाही.

बसण्याचे पैसे असतात, हे आधी कबूल करायला हवं. नुसत्या जेवणाला किती पडतात याचा एक हिशेब सरकारनेच मांडून ठेवला आहे. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. गिऱ्हाइकाने द्यायचे दहा रुपये, पण थाळीची किंमत धरली होती शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५. वरचे पैसे सरकार भरणार. त्याच सुमारास शहरातल्या बऱ्यापैकी हॉटेलात थाळीचे तीनशे-साडेतीनशे सहज पडत. तिथे चार भाज्या, कोशिंबीर, एखादं गोड आणि ‘अजून वाढू का?’ असतं, तेव्हा तुलना तंतोतंत नाही, मान्य. तरी भाज्या कितीही वाढवल्या तरी ५० चे ३५० होत नाहीत. उरलेले पैसे जागेचे, भाड्याचे, विजेचे, पांढऱ्या शर्टातल्या माणसांचे आणि तिथे तासभर बसू दिल्याचे. गल्ल्यावरच्या अण्णांना एकदा मी हे बोलून दाखवलं, तर ते हसून म्हणाले, ‘साहेब, आम्ही खुर्ची भाड्याने देतो. डोसा निमित्त.’

खुर्चीचं भाडं कोण भरतं, यावर हॉटेलचं सगळं वातावरण ठरतं. इराणी हॉटेलं घ्या. क्यानी १९०४ चं, बी. मेरवान १९१४ चं, ब्रिटानिया १९२३ चं, पुण्यातलं गुडलक १९३५ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतभर आरसे, उंच छत. एवढ्या थाटात माणूस एका चहावर आणि ब्रुन-मस्क्यावर तासभर पेपर वाचत बसायचा. आता यावर हळहळत लिहायची पद्धत आहे: काय ती माणसं, काय तो जिव्हाळा! जिव्हाळा असेलही. पण मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदाही होता. चहाच्या दरावर परिणाम झाला तो दुकानाचं भाडं गोठल्यामुळे. मोक्याच्या कोपऱ्यावरची जागा जुन्या भाड्यात मिळत राहिली, म्हणून मालकाला गिऱ्हाइकाला उठवायची घाई नव्हती. थोडक्यात, इराण्याकडचा आपला तो निवांत तास घरमालकाच्या खिशातून जात होता. जागेला भाव आला, पुढची पिढी धंद्यात उतरेना, आणि हॉटेलं मिटत गेली. हळहळ करायची तर पूर्ण हिशेब मांडून करावी, एवढंच माझं म्हणणं.

घरमालक भरत नसेल तर भाडं वेळात वसूल होतं. रविवारी सकाळी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या नावाजलेल्या टिफिन हॉटेलांसमोर उभं राहून पाहावं. बाहेर गर्दी, वहीत नावं, चौघांच्या टेबलावर दोन अनोळखी जोडपी गुडघ्याला गुडघा लावून. कॉफीचा शेवटचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच बिल समोर. कुणी रागावत नाही, कारण व्यवहार स्पष्ट असतो: खाणं उत्तम, दर माफक, बसणं बेतानं. तिथेही वातावरण असतंच. भांड्यांचा आवाज, कॉफीचा वास, दारातून आत डोकावणारे भुकेले चेहरे. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, कारण ते कुणी सजवलेलं नाही.

उलट जिथे तुम्ही रेंगाळावं अशी मालकाची इच्छा असते, तिथे सगळं संथ होतं, गाणंसुद्धा. अमेरिकेत रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ साली एका रेस्टॉरंटमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संथ संगीत असताना गिऱ्हाइकं सरासरी ५६ मिनिटं बसली, जलद असताना ४५. खाण्याच्या बिलात विशेष फरक पडला नाही, पिण्याच्या बिलात मात्र चांगलाच पडला. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या एका अभ्यासात दिसलं की मेनूवर डॉलरचं चिन्ह वा शब्द न छापता नुसता आकडा छापला, तर लोक जास्त खर्च करतात. आपल्याकडच्या नव्या कॅफेंची कार्डं यानंतर नीट पाहावीत. ₹ गेलेलं असतं, ‘रु.’ गेलेलं असतं, ‘/-’ तर केव्हाच गेलं. पदार्थाच्या वर्णनाच्या शेवटी, बारीक राखाडी अक्षरांत, एक शांत ‘२८०’ उभा असतो. जणू पान नंबर.

मी वातावरणाच्या विरोधात नाही. नाशिककडे शहराबाहेर, द्राक्षाच्या मळ्यांच्या बाजूला, चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं झाली आहेत. खाटा, झोके, मोकळं आवार, पोरांना पळायला जागा. मिसळ गावातल्यापेक्षा महाग असते आणि सकाळी सकाळी गाड्यांची रांग लागते. मीही गेलो आहे, झोक्यावर बसलो आहे, आणि वयाला न शोभेल इतका वेळ बसलो आहे. तिथे कुणी भूक लागली म्हणून जात नाही. सगळ्यांना ठाऊक असतं की आपण सकाळ विकत घ्यायला आलो आहोत, मिसळ सोबत आहे.

माझी कुरकुर शहरातल्या नकली वाड्यांबद्दल आहे. प्लास्टरच्या विटा, भिंतीला टांगलेलं बैलगाडीचं अर्धं चाक, आणि मे महिन्यात फेटा बांधून घामाघूम झालेला विशीतला वेटर. तो बहुधा मराठवाड्यातून किंवा ओडिशातून आलेला असतो आणि फेट्याखाली त्याला खाज सुटलेली असते. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली होती. तीच झुणका-भाकर इथे पितळी ताटात, वाटीला केळीच्या पानाचा गोल तुकडा लावून, दोनशे-तीनशे रुपयांना येते. पदार्थ गरिबीतला, दर श्रीमंतीतला, आणि मधला फरक म्हणजे ते अर्धं चाक. तरी मी तो गुन्हा म्हणणार नाही. चाक दिसत असतं, दर लिहिलेला असतो, जायचं तो जातो.

गैर सुरू होतं ते दर लपतो तिथे. दोन वर्षांपूर्वी बहिणीला घेऊन एका कॅफेत गेलो. दाराबाहेर फुलझाडं, खडूने लिहिलेलं एक खुसखुशीत वाक्य, दराचा पत्ता नाही. आत बसल्यावर मेनूकार्ड नाहीच. टेबलावर क्यूआर कोड. बहिणीच्या फोनला रेंज नव्हती, माझा फोन ते पान उघडायला तयार नव्हता. तोवर वेटरने विचारलंच: ‘रेग्युलर वॉटर की बॉटल?’ या प्रश्नात ‘रेग्युलर’चा उच्चार असा केला जातो की उत्तर आपोआप ‘बॉटल’ येतं. बाटली आली, उघडलीही गेली. मग दर दिसले. दोन कॉफी, एक सँडविच, एक बाटली, त्यावर जीएसटी, आणि त्याच्याही वर दहा टक्के सेवाशुल्क. बिल पाहून बहीण एवढंच म्हणाली, ‘गप्पा छान झाल्या.’

आपल्यातल्या पुष्कळांची एक अडचण आहे, ती कुठल्याही कायद्यात लिहिलेली नसते. एकदा आत जाऊन खुर्चीत टेकलं, पेल्यातलं घोटभर पाणी प्यालं, की उठून जाता येत नाही. मेनू पाहून ‘परवडत नाही’ असं म्हणत उठायला जी निबर कातडी लागते ती फार थोड्यांना लाभते. बाकीचे ‘भूकच नाही फारशी’ म्हणत एक सूप तिघांत घेतात. हॉटेलवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून दार उघडण्यापूर्वी दर दिसणं ही मला ग्राहकहक्काइतकीच लाज राखण्याची बाब वाटते. मुलांसमोर, सासरच्या माणसांसमोर, पहिल्यांदा भेटायला आलेल्या मुलीसमोर आपलं पाकीट उघडं पडू नये, इतकी साधी.

फ्रान्समध्ये हे नियमानेच करावं लागतं. तिथे रेस्टॉरंटला मेनू आणि दर दाराबाहेर लावावे लागतात, आणि लिहिलेल्या दरात सेवा धरलेली असते. कॅफेत तीच कॉफी काउंटरला उभ्याने एका दरात आणि टेबलावर बसून दुसऱ्या दरात मिळते. दोन्ही दर लिहिलेले. इटलीतही काउंटरचा दर वेगळा, टेबलाचा वेगळा. म्हणजे आमच्या स्टेशनसमोरच्या अण्णांचं मेनूकार्ड अगदीच पॅरिसच्या तोडीचं होतं म्हणायचं. शेजाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पॅरिसबद्दलचं आपलं मत खाली आणलं.

आपल्या कायद्याची गंमत अशी, की त्याने वातावरण मोजायचा प्रयत्न अनेकदा केला आणि दरवेळी त्याचा हात एसीवर जाऊन पडला. मे २०११ पासून रेस्टॉरंटवर सेवाकर आला तो एसी आणि मद्याचा परवाना दोन्ही असतील तर. एप्रिल २०१३ पासून परवान्याची अट गेली, एसी उरला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिगरएसी हॉटेलाला १२ टक्के आणि एसीला १८. त्यातही हॉटेलच्या कुठल्याही एका भागात एसी असला की साऱ्या हॉटेलाला १८. पंख्याखाली बसलेल्यालाही आणि उभ्या उभ्या पार्सल नेणाऱ्यालाही. ज्याने थंड हवेचा श्वासही घेतला नाही त्याने तिचा कर भरायचा! चार-साडेचार महिन्यांत हे बदललं आणि १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी असो वा नसो, बहुतेक रेस्टॉरंटांना सरसकट ५ टक्के झाले. पण हॉटेलवाल्यांची कच्च्या मालावरच्या कराची वजावट गेली, आणि आमच्या अण्णांनी तर त्याच महिन्यात नवं कार्ड छापून घेतलं. दोन्ही रकाने वर सरकले.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुसरं एक भांडण मिटवलं. बाटलीवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त दराने हॉटेलात पाणी विकता येतं का? न्यायालयाने सांगितलं, येतं. कारण हॉटेलात नुसती बाटली विकली जात नाही, तिच्यासोबत सेवा आणि तिथलं वातावरणही येतं. या निकालावर तेव्हा पुष्कळ चडफडाट झाला. मला तो पटतो. वातावरणाला किंमत असते हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, हे बरंच झालं. पण मान्य केल्यावर त्यापुढचा प्रश्न सुटत नाही: ही किंमत एकदाच घ्यायची ना?

सेवाशुल्काचा वाद नेमका इथे येऊन अडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये, दुसरं नाव देऊनही लावू नये, द्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावं. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. संघटना अपिलात गेल्या. ऑगस्ट २०२५ च्या सुनावणीत खंडपीठाने त्यांना साधारण असं विचारलं की २० रुपयांची बाटली तुम्ही वातावरणाच्या नावाखाली १०० ला विकता, मग वर सेवाशुल्क कशाचं? आमच्या शेजाऱ्यांनी हाच प्रश्न वकील न लावता वीस वर्षं विचारला होता.

हॉटेलवाले म्हणतात, शुल्क वेटरांना मिळतं. काही ठिकाणी मिळतही असेल. पण पगार ही मालकाची जबाबदारी, आणि ती डोशाच्या दरात बसायला हवी. दर वाढवा ना! ७० चा डोसा ७७ ला द्या आणि तसा फलक लावा. तसं होत नाही, कारण ७७ चा फलक गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवू शकतो आणि बिलातले सात रुपये त्याला परत पाठवू शकत नाहीत. तो पाणी प्यालेला असतो.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. शेवटी द्यावा लागणारा दर, करासकट, दाराबाहेर. बसण्याचे वेगळे घेत असाल तर तेही तिथेच. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतः भरणाऱ्या, छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही; मग मोठ्यांनाही करासकट आकडा छापणं जड जाऊ नये. पेल्यातलं पिण्याचं पाणी न मागता टेबलावर. किती घ्यायचे यावर सरकारने बंधन घालू नये असंच मला वाटतं. चहाचे चारशे घ्या. समुद्र दिसत असेल तर सहाशे घ्या. फक्त मी फुटपाथवर उभा असताना सांगा.

दोन दरांच्या कौतुकात एक जागा मात्र मला टोचते. माझी आत्या नोकरी करायची. तीस वर्षं लोकलने गेली-आली. स्टेशनवर उतरल्यावर चहा प्यावासा वाटला तर ती एसीतच बसायची, किंवा न पिताच घरी यायची. पूर्वीच्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असायची, लाकडी फळ्यांची, अर्ध्या दाराची. ती खोली गेल्यावर तिचं काम एसीने केलं. पंख्याखालच्या पुरुषी गर्दीत, नजरा झेलत, एकटीने चहा पिणं तिला जमत नव्हतं. तेव्हा माझ्या शेजाऱ्यांना जे पंधरा रुपये थंड हवेचे वाटत, ते आत्याच्या लेखी निर्धोकपणे बसण्याचे होते. पुरुषाला तीच गोष्ट पंख्याखाली फुकट मिळत होती. हा रकाना मेनूकार्डावर कधीच छापला गेला नाही.

काच लावून एका हॉटेलचे दोन वर्ग करणं बरं दिसत नाही, असंही कुणी म्हणतं. दिसत नाहीच. पण काचेला दोन्हीकडून दिसतं, आणि दोन्हीकडे खुर्ची असते. हमाल, कॉलेजची पोरं, पेन्शनर आणि साडीच्या दुकानातून पिशव्या घेऊन आलेलं कुटुंब एका छपराखाली बसतात, एकच सांबार खातात. काच काढून सगळीकडे एसी केला की समता येत नाही. ७० रुपयेवाला रस्त्यावर, वडापावच्या गाडीशी उभा राहतो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या स्टेशनसमोर तेच झालं. दुरुस्तीसाठी म्हणून हॉटेल महिनाभर बंद होतं. उघडलं तेव्हा काच गेली होती, सगळीकडे थंड हवा, भिंतीवर फिल्टर कॉफीचं मोठं चित्र, मेनूकार्डावर एकच रकाना आणि डोसा ११० रुपये. सकाळी पंख्याखाली कटिंगवर बसणारी म्हाताऱ्यांची चौकडी आता स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर बसते. शेजारी अजून हॉटेलात येतात, पण नुसते पार्सल न्यायला. जुना वेटर मात्र कायम आहे. परवा मी आत शिरलो तर सवयीने त्याने विचारलं, ‘एसीत बसणार का साहेब?’ आणि मग स्वतःच इकडेतिकडे बघायला लागला.